नको म्हणणाऱ्याचा वाटा

आप्पा मोंडकरांना ‘नको’ म्हणायचे असले की ते खाली बसत. तोंडाने काही बोलत नसत. इतका वेळ उभा असलेला माणूस लुंगी सावरून, गुडघ्यांवर हात टेकून जमिनीवर बसला की वाडीतल्या लोकांनी समजायचे, विषय मिटला.

त्यांच्या पुतण्याच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाची गोष्ट मला तीन जणांनी तीन वेळा सांगितली. मुलीकडच्या अंगणात सगळे उभ्याने बोलत होते, चहा आला, आणि आप्पा मटकन खाली बसले. मुलीच्या बापाला वाटले, म्हातारा दमला. तो बिचारा खुर्ची घेऊन धावला. इकडे आप्पांच्या मंडळींनी अर्धे चहा तसेच ठेवले आणि चपला शोधायला सुरुवात केली. पुढे त्या पुतण्याने दुसरीकडे लग्न केले आणि त्याची बायको त्याला रोज सकाळी अंगणात उभे करून सुनावते. मी आप्पांना याबद्दल छेडले तर म्हणाले, “दुसऱ्या येळी माका खंय न्हेल्यानी?”

ही बसण्याची सवय समुद्राने लावलेली. आप्पा रापणीत पाणी बघणारे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. होडी जाळ्याचे एक टोक घेऊन पाण्यात अर्धगोल फिरून येते, मग सगळी वाडी दोन्ही बाजूंचे दोर ओढत बसते. पण जाळे टाकायचे की नाही हे आधी कोणीतरी ठरवावे लागते. ते काम आप्पांचे. खाडीच्या तोंडाशी एका उंचवट्यावर उंडीचे झाड आहे, त्याखाली हा माणूस कपाळाला आडवा हात लावून तासन् तास उभा. माशांचा थवा दिसला की खांद्यावरचा पंचा काढून डोक्यावर गरगर फिरवायचा, म्हणजे टाका. काही नसले की खाली बसायचे, म्हणजे आज नको. खाली वाळूत थांबलेली तीस-चाळीस माणसे आप्पांकडे डोळे लावून असत. आप्पा बसले की कोणी हुज्जत न घालता घरी जायचे.

मी कोल्हापूरचा, म्हणजे या लोकांच्या लेखी घाटी. नोकरीने मला कुडाळला आणून टाकले होते. माझी नोकरी समजावून सांगणे हा माझ्या आयुष्यातला कायमचा त्रास आहे. माझ्या सासऱ्यांना ती अजून कळलेली नाही. आमची संस्था कर्ज देत नाही, कर्ज मिळण्याआधी जे करावे लागते त्याला पैसे देते. लहान गावाला सौरऊर्जेवर काही उभारायचे असले तर बँक म्हणते, आधी मोजणी आणा, मातीची तपासणी आणा, परवानग्या आणा, जाडजूड अहवाल आणा. या सगळ्याला पैसे लागतात. ते बँक देत नाही, कारण अजून प्रकल्पच नाही. आणि प्रकल्प नाही, कारण ते पैसे नाहीत. या खड्ड्यात कितीतरी चांगले बेत पडून असतात. आम्ही त्यात उतरतो. निम्मे पैसे आमचे, निम्मे गावाचे. प्रकल्प उभा राहिला तर कर्जातून ते आधी परत मिळतात. नाही राहिला, तर गेले म्हणजे गेले. हे ‘गेले म्हणजे गेले’ मी गावोगाव प्रामाणिकपणे सांगायचो आणि गावोगाव माणसे उठून जायची.

आप्पांच्या वाडीचे नाव मी लिहीत नाही. आचऱ्याच्या अलीकडे खाडीकाठी आहे एवढे पुरे. वाडीला बर्फाचा कारखाना हवा होता. बर्फ मालवणहून टेम्पोने यायचा, कधी दुपार उलटल्यावर, कधी अर्धा वितळून. बर्फ नाही म्हटले की व्यापारी सांगेल तो भाव. मासे विकणाऱ्या शालन काकींनी मला ही अडचण पहिल्याच भेटीत एका वाक्यात सांगितली होती. “बरफ नसलो काय सायबा, दुपारी बाराक आमी म्हावरा इकणव नाय, म्हावरा आमका इकता.” माझ्या अहवालात हीच गोष्ट सहा पाने झाली आणि तरी इतकी नीट आली नाही.

तर देवळासमोरच्या मांडावर सभा भरली. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन बाळा तोरसकर यांनी खाडीकाठची स्वतःची जमीन फुकट देऊ केली. अट एकच, कारखान्यावर वडिलांच्या नावाची पाटी. टाळ्या झाल्या. मग मी उठलो आणि माझे ते ‘गेले म्हणजे गेले’ सांगितले. टाळ्या थांबल्या. मागच्या बायका पदर सावरून निघण्याच्या बेतात आल्या. मला वाटले, हेही गाव गेले.

तेवढ्यात कडेला उभे असलेले एक काळेसावळे, काटकुळे गृहस्थ म्हणाले, “सायबानू, रापणीत माका वाटो कसलो मिळता, म्हायत आसा?”

मी म्हणालो, “मासे दाखवल्याचा.”

“दाखवल्याचो नाय. तो सगळ्यांकच मिळता, दोर धरलेल्या पोराक पण. माका एक वाटो जास्ती मिळता, तो ‘नको’ म्हटल्याचो.”

आणि त्यांनी मला वाडीची रीत सांगितली. ज्या दिवशी पाणी बघणारा बसतो त्या दिवशी जाळे भिजत नाही, फाटत नाही, चाळीस माणसांचे श्रम वाचतात. पण त्या दिवशी वाटायला मासळीच नसते, मग बघणाऱ्याने खायचे काय? म्हणून पुढच्या वेळी जाळे लागले की पहिल्यांदा कालच्या ‘नको’चा एक वाटा बाजूला काढायचा. मग बाकीची वाटणी.

“तुमचे पैशे ते आसत,” आप्पा गावाकडे वळून म्हणाले. “बघणाऱ्याचे. तेना होय म्हटला तरी देवचे, नको म्हटला तरी देवचे. बघल्याशिवाय जाळा टाकतास काय कोण?”

एवढेच बोलले. मी दहा वर्षे या धंद्यात आहे. परदेशातून आलेल्या तज्ज्ञांची भाषणे ऐकली आहेत, वातानुकूलित खोल्यांत डुलक्याही काढल्या आहेत. माझे काम मला त्या दिवशी मांडावर कळले. सभा संपल्यावर आप्पा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन स्वतः घरोघर फिरले. चार दिवसांत गावाचा निम्मा वाटा जमला. शालन काकींनी बचत गटाचे पैसे घातले. “आप्पान सांगल्यान म्हणान घालतंय,” असे मला ऐकवून.

आप्पांबरोबर चालणे ही एक शिक्षा होती. दर पन्नास पावलांवर थांबायचे आणि भेटेल त्याला “जेवलंस?” विचारायचे. दुपारी चारला विचारायचे, सकाळी आठला विचारायचे. एकदा बस थांबवून कंडक्टरला विचारले. कशावरही त्यांचे एकच मत असे, ‘उगाच जाळा भिजवू नको.’ निवडणुकीला उभे राहू का विचारणाऱ्याला तेच, नवी मोटारसायकल घेणाऱ्याला तेच. घरात मात्र हे चालत नसे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, त्यांना बसलेले बघितले की म्हणत, “बसलंस तर नारळ सोलून दी.” आणि आप्पा मुकाट्याने सोलून देत.

वैशाखात आमचा इंजिनियर आला. टोपी, गॉगल, तीन पायांचे यंत्र, बरोबर दोन मदतनीस. तोरसकरांच्या जमिनीवर दिवसभर ऊन रखरखत होते. शहाळी संपता संपत नव्हती. जमीन सपाट, रस्त्याला लागून, मागे सड्याचा उंच कडा. सडा म्हणजे आपल्याकडचे कातळाचे पठार. अहवाल रंगीत आला, चित्रांसकट. चित्रात बर्फाची इमारत होती, तिच्या शेजारी सौरपट्ट्यांच्या रांगा होत्या आणि कोणास ठाऊक का, एक गोरी बाई पोराचा हात धरून चालली होती. बँकेला अहवाल पसंत पडला. कर्जाला तारण म्हणून सोसायटीच्या सभासदांच्या अकरा होड्या. त्यांतली एक आप्पांच्या मुलाची.

मी खूश होतो, आणि का होतो तेही सांगून टाकतो. त्याआधी माझ्या हातून दोन प्रकल्प मेले होते. मुंबईच्या आमच्या मॅडम फोनवर ‘पाटील’ म्हणायच्या त्यातला ‘पा’ दिवसेंदिवस लांबत चालला होता. तिसरा मेला असता तर माझा करार पुढे वाढला नसता. त्यामुळे हा कारखाना गावाइतकाच मलाही हवा होता, काही दिवस तर गावापेक्षा जास्त.

कार्तिकात होड्या तारण ठेवण्याच्या ठरावासाठी पुन्हा मांडावर सभा झाली. भिंतीवर नकाशा लावला होता. तोरसकर म्हणाले, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. हात वर झाले. माझा पण झाला, मला मत नसताना. आणि त्या हातांच्या गर्दीत आप्पा मोंडकर नकाशासमोर उभे होते, ते खाली बसले.

कोणीतरी हसले. मग कोणी हसेना. एकेक करत हात खाली आले.

तोरसकरांचा चेहरा लाल झाला. “आप्पा, ही रापण नाय! बँकेचो ठराव आसा!”

“आरशे हय खाली लावतलात?” आप्पांनी नकाशाकडे बोट करून विचारले. सौरपट्ट्यांना ते आरसे म्हणत. “माका वाटला, सड्यार लावतलात. थंय कायच पिकणा नाय.”

“अहवालात लिहिलंय सगळं,” मी म्हणालो. आवाज जरा चढलाच माझा.

“माका कोणी दाखवल्यान नाय, आणि मी इचारलंय पण नाय. चूक माझी,” आप्पा म्हणाले. “पण हय नको. हय सावळी येता.”

अहवालात ‘सावली: नाही’ असे स्वच्छ छापले होते. मी ते वाचून दाखवले. आप्पा बसलेलेच. सभा ठरावाशिवाय उठली. बायका जाताना आपापसात बोलत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. ज्या माणसाने घरोघर फिरून पैसे गोळा केले तोच आता नको म्हणतो, मग आमचे पैसे गेले कुठे, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ होता. डबा घेऊन दारात आलेला आप्पा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. आयुष्यभर त्यांच्या बसण्यावर विश्वास ठेवलेली वाडी पहिल्यांदाच त्यांच्यावर रागावली होती.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. जे बोललो ते लिहायला आज लाज वाटते. म्हणालो, “आप्पा, मंजुरी येऊ दे. तोपर्यंत काही बोलू नका. सावली येत असेल थोडीफार, नंतर बघू.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. रागावले असते तर बरे झाले असते. म्हणाले, “झिला, जेवलंस?” मी नाही म्हणालो. काकींनी पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी वाढली. मी खाली मान घालून जेवलो. हात धुताना आप्पा म्हणाले, “फाल्या तीनाक ये. जाग्यार.” तोवर मी ‘सायबानू’ होतो. त्या दिवसापासून ‘तू’ झालो.

दुसऱ्या दिवशी तीनला मी तोरसकरांच्या जमिनीवर हजर. आप्पा आधीच येऊन बांबूच्या खुंट्या ठोकत होते. ऊन लख्ख होते. मी मनात म्हटले, कुठे आहे सावली?

“माका मासो कसो दिसता, सांगू?” आप्पा म्हणाले. “पाण्यार ऊन आसला काय डोळे दिपतत, कायच दिसना नाय. सड्याची सावळी पाण्यार पडली काय मगे आत दिसता. म्हणान मी चाळीस वरसा त्या सावळीची वाट बघत रवलंय. कार्तिकात ती खंय पोचता, पुसात खंय, माघात कधी मागे सरता, माका झोपेत इचार.”

आणि ती आली. आधी कड्याच्या पायथ्याशी, एखाद्या ओल्या पट्ट्यासारखी. आप्पांची पहिली खुंटी तिने गिळली, मग दुसरी. साडेतीनला ती जमिनीच्या मध्यावर होती. चारच्या आधी माझ्या बुटांवर. मी मागे सरकलो, ती परत बुटांवर. चैत्र-वैशाखात सूर्य डोक्यावरून सरळ पश्चिमेला उतरतो. थंडीत तो दक्षिणेकडे कलतो आणि नेमका या कड्याआड जातो. शाळेत शिकलो होतो हे. इंजिनियरही शिकला होता. आमच्या साऱ्या शिकलेल्यांनी मिळून उन्हाळ्यात जागा पाहिली होती, आणि कारखाना चालायचा होता थंडीत, कारण मासळीचा खरा हंगाम तेव्हा.

“अजून पुस येवचो आसा,” आप्पा म्हणाले. “तेवा तीनाकच त्या विहिरीपर्यंत जातली.”

मी इंजिनियरला फोन लावला आणि जे बोललो त्याने खाडीवरचे बगळे उडाले. मग फोन बंद करून एका दगडावर बसलो. मनात आकडेमोड चालू झाली ती थांबेना: हंगामात रोजची दुपार गेली तर विजेचे बिल भरावे लागेल, बिल भरले तर हप्ता थकेल, हप्ता थकला तर होड्या. अकराच्या अकरा, आणि त्यांत त्यांच्या मुलाची एक. काल मी या माणसाला गप्प बसा म्हणून सांगायला गेलो होतो. मी आप्पांना म्हणालो, “मला माफ करा.” तर म्हणाले, “तुका काय म्हायत? तू घाटी.”

पुढची सभा मला आजही पाठ आहे. मी उठून सगळे सांगितले, आमची चूक आहे म्हणूनही सांगितले. शालन काकी उभ्या राहिल्या.

“म्हणजे आमचे पैशे बुडाले?”

आप्पा मांडाच्या कडेला उभे होते. उभे होते, हे मी पाहिले आणि मला थोडा धीर आला.

“बुडाले नाय,” आप्पा म्हणाले. “होडये वाचले.”

शालन काकींनी क्षणभर विचार केला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “बरा. ‘नको’चो वाटो दुसऱ्या जाळ्यातसून निघता. मगे दुसरा जाळा खंय टाकतलंस ता सांग.”

मांडावर हशा पिकला. गेले काही दिवस कोंडलेला श्वास सगळ्यांनी एकदम सोडला.

“सड्यार,” आप्पा म्हणाले. “आरशे सड्यार, बरफ हयच. बरफाक सावळी बरी, आरशांक ऊन. तुमी दोनय एकाच चुलीर ठेवलात.”

एवढी साधी गोष्ट. कारखाना तोरसकरांच्याच जमिनीवर, दुपारच्या गारव्यात, पट्ट्या वर कातळावर, मधून केबल. तोरसकरांच्या वडिलांची पाटी जागच्या जागी. तोरसकर उठून आप्पांजवळ गेले आणि त्यांचा हात धरला. पण दुसरी मोजणी, दुसरी परवानगी, दुसरा अहवाल, म्हणजे पुन्हा पैसे. आणि आमच्या संस्थेचा नियम असा, की एका गावाला एकदाच.

मी मॅडमना फोन केला. त्यांनी एकच विचारले, “पा..टील, आपल्या पैशातून आपल्याला मिळालं काय?”

मी म्हणालो, “नको मिळालं, मॅडम.”

मी घाईघाईने रापणीची रीत सांगितली. ‘नको’चा वाटा पुढच्या जाळ्यातून काढायचा, तसाच पहिल्या अहवालाचा खर्च दुसऱ्या प्रकल्पाच्या खर्चात धरायचा, कर्ज मिळाले की दोन्ही एकदम परत. आमचेही आणि गावाचेही. शेवटी म्हणालो, चुकीच्या जागी कर्ज उभे राहिले असते तर आपल्या नावावर एक यश जमा झाले असते आणि अकरा घरांच्या होड्या गेल्या असत्या. माझ्या करारासाठी मी ते होऊ देणार होतो, आणि आप्पांना गप्प करायला गेलो तर त्यांनी मला घरी जेवायला वाढले, हेही सांगितले. का सांगितले माहीत नाही. पेजेचा परिणाम असावा.

“हे सगळं एका पानावर लिहून पाठवा,” मॅडम म्हणाल्या. “तो घरी जेवायला वाढल्याचा भाग सोडून.”

आठ दिवसांनी समितीचा होकार आला. माझा जीव भांड्यात पडला. मी कुडाळहून मोटारसायकलवर निघालो आणि बातमी सांगायला थेट उंडीच्या झाडाखाली गेलो. आप्पा पाण्याकडे बघत होते. ऐकून म्हणाले, “बरा झाला. बाजूक हो, सावळी पाडतंस.”

मग सह्यांचे रामायण. सड्यावरच्या त्या कातळाच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावे निघाली. गवत उगवत नाही तिथे एकोणीस मालक! एक इन्सुलीला हायवेवर चहाचे दुकान चालवणारा, बाकीचे इकडेतिकडे, आणि नांदगावला स्टेशनजवळ राहणारी आप्पांची लांबची वहिनी. ती सही करेना. तीस वर्षांपूर्वी आप्पांनी तिच्या दिराच्या होडीला ‘नको’ म्हणून बसून दाखवले होते आणि शेजारच्या वाडीने त्याच दिवशी रग्गड मासळी ओढली होती. “तेवा चुकलंय म्हणान सांग, मगे सही करतंय,” ती म्हणाली. मला वाटले, संपले. हा माणूस पाण्याबाबत चुकलो म्हणणार नाही. आप्पांनी चहा संपवला आणि म्हणाले, “चुकलंय गो. त्या दिवसाक ढग होते, सावळीच पडाक नाय. माका दिसाकच नाय, आणि दिसणा नाय म्हणान सांगूक लाज वाटली.” वहिनीने सही केली आणि परतताना काजूगर बांधून दिले. गाडीत आप्पांनी काजूगरांची पुरचुंडी मांडीवर धरली होती. आचरा आल्यावर म्हणाले, “तीस वरसा त्या बाईक भेटाक नव्हतंय.” मग हसले, आणि उतरल्या उतरल्या समोरच्या रिक्षावाल्याला जेवलास का विचारले.

नव्या अहवालावर कर्ज मंजूर झाले. गावाचे पैसे डब्यातून आले होते, ते डब्यातूनच परत गेले. आप्पा पुन्हा घरोघर फिरले. या वेळी प्रत्येक घरात चहा झाला, त्यामुळे चार दिवसांच्या जागी नऊ लागले.

पुढच्या मार्गशीर्षात कारखाना सुरू झाला, त्या दिवशी माझी तिथली नोकरी संपत होती. करार वाढला होता, पण बदलीसकट. दुसऱ्या दिवशी मी निघणार होतो. वर सड्यावर पट्ट्या उन्हात चमकत होत्या. खाली तोरसकरांच्या वडिलांच्या पाटीला हार घातला होता. देवाला गाऱ्हाणे घालून झाले, ‘होय महाराजा’ झाले, आणि साच्यातून बर्फाची पहिली लादी सरकत बाहेर आली. बायकांनी तिला हळदकुंकू लावले. आता ती टेम्पोत चढवायची, तर शालन काकी आडव्या आल्या. पहिली लादी विकायची नाही, वाटायची. रापणीच्या रीतीने. फोडा.

फोडली. आणि कोणीतरी ओरडले, “आधी ‘नको’चो वाटो!”

पहिला तुकडा आप्पांना. चांगला नारळाएवढा. एका डोळ्यात मोतीबिंदू आलेला, ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यात. त्यांनी तुकडा डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला, जणू त्यात मासे आहेत. मग खांद्यावरचा पंचा काढला, त्यात तो बांधला आणि घराकडे चालू लागले. मी म्हणालो, “आप्पा, घरी जाईपर्यंत काय उरणार त्याचं?”

“वाटो तो वाटो,” आप्पा म्हणाले. “घराक न्हेवचो लागता.”

आणि निघाले. घाई नाही. पंच्यातून पाणी टपकत होते. वाटेत भेटेल त्याला थांबून जेवलास का विचारत होते, आणि तुकडा प्रत्येक थांब्यावर लहान होत होता. तीन वाजून गेले होते. कड्याची सावली कारखान्यावरून पुढे सरकत रस्त्यावर आली होती आणि आप्पा तिच्या कडेकडेने चालले होते. आता ती कोणाचेच काही बिघडवणार नव्हती. मी मोटारसायकल सुरू केली. आवाज ऐकून ते वळले.

निरोप द्यायचा म्हणून त्यांनी हात वर केला, आणि हातात पंचा, पंच्यात बर्फ. क्षणभर घोटाळले. मग गाठ सोडून उरलेला तुकडा उघड्या तळहातावर घेतला, गारठ्याने तोंड वाकडे करत. आणि दुसऱ्या हाताने तो ओला पंचा डोक्यावर गरगर फिरवला.